सन २६११ पर्यंत सुरक्षित

कॉम्प्युटर बंद पडला त्या सकाळी बुनसोंगला मनातून बरंच वाटलं. ते त्याने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्याची बायको मालीवान हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्यासमोर बसली होती आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही.

"पॉ, जरा बघता का हो?" ती म्हणाली.

मुलगी झाल्यापासून दोघं एकमेकांना पॉ आणि मॅ म्हणत, म्हणजे बाबा आणि आई. मुलगी लग्न होऊन बँकॉकला गेली, हाका तशाच राहिल्या; ओळखीचे लोकही बुनसोंगला पॉच म्हणत. त्यात बुनसोंगला कधी काही खटकलं नव्हतं. पण गेल्या वर्षापासून एक माणूस घरी येऊन तिला 'नोंग माली' म्हणू लागला, धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं, आणि तेव्हापासून बुनसोंगला स्वतःची हाक धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखी वाटायला लागली.

तो माणूस म्हणजे विनाई. फ्रे गावातल्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला ख्रू विनाई म्हणत, विनाई गुरुजी. बायको वारलेली. अंगात निळीत रंगवलेला गावठी सदरा, पण इस्त्री केलेला. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून जुनी अंगाईगीतं गोळा करायची हे खूळ मालीवानच्या डोक्यात पूर्वीपासून होतं. विनाई आला आणि खुळाला पाय फुटले. दुपारी त्याच्या जुन्या पिकअपमधून दोघं कुठल्या तरी वाडीवर जात, गाणी रेकॉर्ड करून आणत आणि मग बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून शब्द उतरवत. बोलत उत्तरेकडच्या बोलीत. बुनसोंग मूळचा खालच्या मैदानी मुलखातला; टेलिफोन खात्याच्या नोकरीने इथे आला आणि इथलाच जावई झाला. आयुष्य इथे गेलं तरी ही बोली त्याला अर्धीच कळे. बाजारात अर्धी पुरते. पण पलीकडच्या खोलीत आपली बायको परक्या पुरुषाशी बोलत असली, की अर्धी फार कमी पडते.

त्या खोलीत बुनसोंगची म्हणून एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कॉम्प्युटर नीट राखणं. दर उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी मालीवान फुलं घेऊन विहारात जाई आणि बुनसोंग घरी राहून बॅकअप घेई. काळी डिस्क मऊ फडक्यातून काढायची, तारेने जोडायची, बॅकअपचा प्रोग्रॅम चालू करायचा आणि पडद्यावर हिरवी खूण येईपर्यंत हात जोडल्यासारखं बसायचं. 'सर्व फाइली सुरक्षित.' विनाईने एकदा चाचरत सुचवलं होतं की गाण्यांची एखादी प्रत आपल्याकडेही असू द्यावी, न जाणो. बुनसोंगने हसून म्हटलं होतं, घरचं घरात असू दे, ख्रू, मी आहे ना.

आता तोच 'मी' स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसला. पेटीचं एका बाजूचं झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली, रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासले, तारा काढून पुन्हा बसवल्या. मग यंत्र चालू करून डिस्कला कान लावला. आत टक, टक असं काहीतरी वाजत होतं, घड्याळ मध्येच अडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागावं तसं.

"डिस्क गेली," त्याने सांगितलं.

मालीवानचा चेहरा उतरला. आणि त्याला कारण होतं. उय मून म्हणून एक आजीबाई त्याच आठवड्यात वारल्या होत्या. उय म्हणजे आजी. सगळं गाव त्यांना तसंच म्हणे. त्यांच्याइतकी जुनी गाणी कुणाच्याच गळ्यात उरली नव्हती, आणि ती मालीवान आणि विनाईने गेल्या हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर बसून उतरवून घेतली होती. दहनाच्या दिवशी येणाऱ्यांना मयताच्या नावाचं एक छोटं पुस्तक वाटतात, त्यात आईची गाणी छापायची असं उय मूनच्या मुलाने ठरवलं होतं. छापखानेवाला मजकुरासाठी घाई करत होता, आणि तो मजकूर देण्याचा शब्द मालीवानने मृतदेहासमोर उदबत्ती लावून दिला होता.

"अगं मॅ, डिस्क गेली म्हणून काय झालं?" बुनसोंग उठत म्हणाला. "काळी डिस्क कशाला आहे मग? सगळं जसंच्या तसं आणून देतो."

ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, तशा नजरेने तिने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. पोटात काहीतरी गरम गेल्यासारखं त्याला वाटलं. बाजारातून तो नवी डिस्क घेऊन आला, तिच्यावर सगळी यंत्रणा पहिल्यापासून चढवली, आणि दुपारी, ती शेजारी खुर्ची घेऊन बसलेली असताना, काळी डिस्क जोडून आपल्या वस्तू परत मागितल्या. पट्टी हळूहळू भरत गेली. मालीवानने त्याच्यासाठी फणस सोलून आणला. नातवाचे फोटो आले, घराची कागदपत्रं आली, गाण्यांचा फोल्डरही आला. तिने पुढे वाकून तो उघडला.

त्यात गेल्या वर्षीच्या सोंगक्रानपर्यंतची गाणी होती. नवीन वर्षाचा सण, एप्रिल महिना, आणि तिथे सगळं थांबलं होतं. त्यानंतरचं एक अक्षर नव्हतं. उय मूनचं नावसुद्धा नव्हतं.

बुनसोंगने पुन्हा शोधलं. दुसऱ्या फोल्डरात शोधलं, कचऱ्याच्या टोपलीत शोधलं. फणसाच्या चिकाने बोटं कळफलकाला चिकटत होती. मालीवान उघड्या फोल्डरकडे एकटक बघत होती, आणि ते त्याला सहन होईना. तोंडातून शब्द कधी निघाले हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"तो पेन ड्राइव्ह. ख्रूंचा. गावभर फिरवतात, कुठल्या कुठल्या मशीनला लावतात आणि मग आपल्या घरी आणून खुपसतात. व्हायरस आला असणार. त्यानेच बॅकअप खाल्ला."

"खरंच?"

"मी काय सांगत होतो तुला?"

खरं म्हणजे त्याने कधीच काही सांगितलं नव्हतं. पण मालीवानला यंत्रातलं काही कळत नसे आणि नवऱ्याचं यंत्रातलं बोलणं तिने आजवर खोटं ठरवलं नव्हतं. ती उठली, फोन घेतला आणि तिथेच उभी राहून विनाईशी बोलली. बोलीत बोलली, तरी या वेळी बुनसोंगला सगळं कळलं. उय मूनची गाणी गेली. तुमच्या पेन ड्राइव्हमुळे गेली. काही दिवस इकडे येऊ नका, ख्रू. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फार काही आलं नसावं, कारण तिने फोन लगेच ठेवला.

त्या संध्याकाळी बुनसोंग खनोम जीनच्या दोन वाट्या जेवला. मालीवानने शेवया नुसत्या चिवडल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्यातला टेलिफोन खात्याचा माणूस गप्प बसेना. लाइन बंद पडली तर कुठे तुटली ते सापडेपर्यंत खांबामागून खांब बघत जायचं, हे त्याने जन्मभर केलं होतं. व्हायरस असता तर त्याने जुन्या फाइलीही नासवल्या असत्या. इथे जुनं सगळं ठणठणीत होतं, फक्त नवीन काही आलेलंच नव्हतं. आणि हिरवी खूण तर दर वेळी येत होती. मालीवान प्रार्थनेसाठी उय मूनच्या घरी गेल्यावर त्याने प्रोग्रॅमचं आतलं पान उघडलं. इतक्या दिवसांत तिथे जायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

शेवटचा बॅकअप: १२ एप्रिल २६११.

तो बघतच राहिला. साल चालू होतं २५६९. देशात वर्ष बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात, पडद्यावरही तसंच दिसतं. पण यंत्र पोटात ख्रिस्ताचं वर्ष धरून बसतं. मध्ये पाचशे त्रेचाळीसचं अंतर. त्याने वजाबाकी केली. २०६८. आणि अडुसष्ट हा आकडा दिसल्याबरोबर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गेल्या वर्षी सोंगक्रानच्या आदल्या दिवशी उन्हाळी वादळ झालं होतं. वीज गेली, इंटरनेट गेलं, आणि वीज परत आली तेव्हा कॉम्प्युटरच्या आतली नाण्याएवढी बॅटरी मेली होती, त्यामुळे यंत्र आजची तारीख विसरलं होतं. त्याने नवी बॅटरी बसवली. यंत्राने तारीख विचारली, वर्षाचे शेवटचे दोन आकडे विचारले, आणि बुनसोंगने लिहिले ६८. दुसरं काय लिहिणार? साल २५६८ होतं. बँकेत, दवाखान्यात, विहाराच्या पावतीवर सगळं गाव अडुसष्टच लिहीत होतं. यंत्राने त्याच्या पुढे आपले वीस लावले आणि त्रेचाळीस वर्षं पुढे जाऊन बसलं. त्याच दुपारी त्याने बॅकअप घेतला. दुसऱ्या दिवशी इंटरनेट आलं, घड्याळ आपोआप सुधारलं. पण बॅकअपच्या प्रोग्रॅमने लिहून ठेवलेली तारीख तशीच राहिली. त्यानंतर दर उपोसथाला तो निष्ठेने विचारत होता, त्या तारखेनंतर काही नवीन झालं आहे का? काही झालं नव्हतं. व्हायचं होतं. मग तो हिरवी खूण देऊन मोकळा होत होता. वर्षभर बुनसोंग त्या खुणेसमोर भक्तिभावाने बसला होता.

मालीवान परत आली ती छापखान्याचा निरोप घेऊन. मजकूर लवकर हवा होता. तिने कागद-पेन्सिल घेतली आणि गाणी आठवत बसली. एक ओळ गुणगुणे, लिही, खोडी. झोका, भात, चांदणं, आणि मग एक जुना शब्द, जो उय मूनने दोनदा समजावला होता आणि तरी आता हाताला लागत नव्हता. बुनसोंग दारातून बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं: मॅ, चूक माझी. पण ते बोललं की ती फोन उचलणार, माफी मागणार, आणि विनाई पुन्हा या दारात उभा राहणार, इस्त्रीचा सदरा घालून, आणि आता तर अन्याय सोसलेला माणूस म्हणून. बुनसोंगच्या मनाला ते रुचेना. त्याने तिच्यासाठी दिवा लावला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला.

बोलवायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दुपारी विनाई स्वतःच आला. चपला पायरीखाली काढल्या, दोघांना हात जोडले, आणि एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीला गाठ मारलेली होती आणि आत पेन ड्राइव्ह होता, रोगी माणसाला वेगळं ठेवावं तसा. दुकानात तपासून घेतला, तो म्हणाला. त्यांना काही सापडलं नाही, पण त्यांचं चुकतही असेल. भांडायला आलो नाही. मग त्याने खिशातून आपलं छोटं रेकॉर्डर काढलं.

"नोंग माली, उय मूनची रेकॉर्डिंगं यात असतील. सगळीच असतील बहुतेक. यातलं पुसायचं कसं ते मला कधी आलंच नाही."

मालीवानने दोन्ही हात तोंडावर नेले. बुनसोंगला तिच्याबरोबर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याच्याखाली कडू काहीतरी दाटून आलं. वर्षभर डिस्क फडक्यात गुंडाळून ठेवणारा तो. आणि गाणी वाचली ती कुणाच्या तरी आळशी खिशात.

त्याने विनाईला कॉम्प्युटरपुढची खुर्ची दिली. द्यावीच लागली. विनाईने रेकॉर्डर जोडलं, माउस भलतीकडेच नेला, काहीतरी दाबलं, आणि कालपासून खाली दडवून ठेवलेली खिडकी पडद्यावर उघडली. शेवटचा बॅकअप: १२ एप्रिल २६११.

मालीवान रेकॉर्डरकडे बघत होती. विनाई पडद्याकडे बघत होता. त्याची बोटं मांडीवर तालाचे ठेके मोजल्यासारखी हलली, थांबली, आणि ओठांवर एक आकडा येऊन गेला. मग त्याने मान वळवून बुनसोंगकडे पाहिलं. त्या नजरेत हसू नव्हतं, राग नव्हता. त्याने खिडकी बंद केली.

"या डिस्क म्हणजे काही नेम नाही," तो मालीवानला म्हणाला. "कधी धरतात, कधी सोडतात. पॉनी तरी काय करावं? आणि माझ्या पेन ड्राइव्हचंही काय सांगावं, असेल त्यातही काही."

इतकं बोलून तो गाणी उतरवू लागला. प्रकरण मिटलं होतं. बुनसोंगने नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी ते कायमचं मिटलं असतं.

पण त्याच्या अंगाची आग झाली. या माणसाने त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्या बायकोपुढे त्याला पदराखाली घेतलं होतं, धाकट्याने सांडलेलं दूध आईपासून लपवणाऱ्या थोरल्या भावासारखं. आता रोज तो येणार, रोज हात जोडणार, आणि रोज दोघांच्या मध्ये हे असणार: मला माहीत आहे, आणि मी बोललो नाही. बायको वाटून घ्यायची भीती तो वर्षभर बाळगून होता. विनाईच्या दयेत राहायचं हे त्याहून वाईट होतं.

"पेन ड्राइव्हमध्ये काही नव्हतं," बुनसोंग म्हणाला.

दोघांनी वर पाहिलं.

"मी वर्ष चुकीचं घातलं, मॅ. अडुसष्ट घातलं. आपलं. मशीनला त्यांचं हवं होतं. त्या दिवसापासून बॅकअप झालाच नाही."

मालीवानला नीट उमगायला थोडा वेळ लागला. मग तिने यंत्राबद्दल काहीच विचारलं नाही.

"मी ख्रूंना फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. दुसऱ्या दिवशी कळलं."

"म्हणजे मी काल इथे बसून डोकं खाजवत होते, तेव्हा माहीत होतं."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग आज कसं तोंड उघडलं?"

"ख्रूंना कळलं म्हणून."

"म्हणजे मला सांगायला नाही बोललात," ती सावकाश म्हणाली. "यांच्या उपकारात राहायचं नाही म्हणून बोललात."

विनाई खुर्चीतून उठू लागला. म्हणाला, जरा पिकअपमध्ये काहीतरी राहिलंय. मालीवानने त्याला तसंच खाली बसवलं. ती विनाईपुढे गुडघे टेकून बसली, हात कपाळापर्यंत नेले आणि त्या फोनची माफी मागितली, बोलीत, थोडक्यात. विनाई इतका अवघडला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. मग ती उठली आणि नवऱ्याकडे वळली.

"छापखानेवाला थांबणार नाही. टाइप तुम्ही करायचं. गाणं लागेल, मी शब्द सांगेन, अडलं तर ख्रू सांगतील. आणि कळलं नाही तर विचारायचं, मनाने घालायचं नाही. आकडे तर मुळीच नाही."

विनाईला खोकला आला, खोकलाच असावा.

खुर्च्या मांडल्या. विनाई रेकॉर्डरपाशी, मालीवान खिडकीकडे, आणि कळफलकापुढची खुर्ची आपोआप दोघांच्या मधोमध आली. बुनसोंग तिच्यावर बसला आणि जेवणवेळ होऊन गेली तरी उठला नाही. मालीवानने चिकट भाताची टोपली आणून पुढ्यात ठेवली, ती त्याच्यापुढे की विनाईपुढे हे त्याने तिरक्या नजरेने बघून घेतलं. टोपली मध्येच होती.

उय मूनचा आवाज खोलीत घुमत होता, दात नसलेला, गोड. बुनसोंग अक्षर अक्षर टाइप करत होता. कितीतरी शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. तो थांबून विचारी, मालीवान कोरडेपणाने सांगे. ती अजून रागावलेली होती आणि लवकर विसरणार नव्हती. एकदा मात्र तिला आणि विनाईला दोघांनाही शब्द अडला, दोघांचा वाद झाला, आणि वादाच्या भरात दोघांचे हात बुनसोंगच्या डोक्यावरून फिरले. ते त्याला आवडलं नाही. पण यापूर्वी हाच वाद त्याने भिंतीपलीकडून ऐकला असता.

चौथं गाणं संपल्यावर उय मूनने दम घेतला. रेकॉर्डर चालूच होतं. म्हातारीने विचारलं, अगं, तुझा नवरा आहे ना जिवंत? तो नाही का येत कधी?

आणि मालीवानचा आवाज आला: "आहे की. घरी कॉम्प्युटरवर पहारा देतोय."

मग तिघं हसले. म्हातारी, मालीवान आणि विनाई. बराच वेळ हसले.

खोलीत मालीवानचे कान लाल झाले. तिने रेकॉर्डरकडे हात नेला.

"राहू दे," बुनसोंग म्हणाला. हे वाक्य त्याला पहिल्या खेपेला अख्खं कळलं होतं, बोलीत असूनही. "म्हणालीस ना, मनाने घालायचं नाही. मग गाळायचंही नाही."

त्याने ते लिहिलं. म्हातारीचा प्रश्न लिहिला, बायकोचं उत्तर लिहिलं. हसण्यापाशी अडला. थाई भाषेत पाच या आकड्याला 'हा' म्हणतात, म्हणून फोनवर हसायचं झालं की पोरंटोरं नुसते पाच टाकत सुटतात. मुलीच्या संदेशांमुळे त्यालाही ती खोड लागली होती. उय मूनच्या नावापुढे त्याने तीन पाच टाकले. मालीवानच्या नावापुढे थोडे जास्त. मग बोट कळीवर तसंच ठेवून त्याने विनाईकडे पाहिलं.

"ख्रू, तुमचं हसणं वेगळं लिहायचं, की हिच्यातच धरायचं?"

विनाईने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "माझं गाळलंत तरी चालेल, पॉ. पुस्तकात हे थोडंच जाणार आहे?"

"नाही, तुम्ही होतात ना तिथे," बुनसोंग म्हणाला. त्याने जरा विचार केला, नवी ओळ घेतली, विनाईचं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे एकच पाच टाकला.